चालतंय ना, मग चालू दे

यंत्र म्हातारं झालं हे ठरवायचं कुणी, याचं शास्त्र देशोदेशी वेगळं आहे. काही देशांत ते विकणारा ठरवतो. काही देशांत शेजाऱ्याने नवं यंत्र आणलं की आपलं आपोआप म्हातारं होतं. आपल्याकडे मात्र हा अधिकार कुणाकडेच नाही. यंत्र एके दिवशी धूर सोडतं, आजूबाजूचे लोक खुर्च्या मागे घेतात, कुणीतरी खटका बंद करतो, तासाभराने पुन्हा दाबून बघतो, आणि यंत्र घरघरलं की सगळे एकमुखाने म्हणतात, "चालतंय ना? मग चालू दे!" हे पाच शब्द म्हणजे आपल्या औद्योगिक धोरणाचा सारांश आहे, असं माझं नम्र मत आहे. ते मत मी फार वर्षांच्या तपश्चर्येने कमावलेलं आहे.

मी राहतो केळव्याला आणि नोकरी करतो बोईसरला. केळवं म्हणजे शीतलादेवी, सुरूची बनं, पानवेलींच्या वाड्या आणि रविवारी समुद्राकडे पाठ करून "बीच कुठे आहे हो?" असं विचारणारे मुंबईचे पाहुणे. स्टेशनचं नाव केळवे रोड. रेल्वेच्या भाषेत ज्या स्टेशनच्या नावात 'रोड' असतं तिथे उतरल्यावर गाव लागत नाही, नुसता रोड लागतो. तर रोज सकाळी गावातून रिक्षाने त्या रोडवर, तिथून गाडीने पालघर, उमरोळी आणि बोईसर, आणि बोईसरहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेबनिसाच्या खुर्चीवर, असा माझा दिनक्रम आहे. या प्रवासाला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ खुर्चीवर बसल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत लागतो. कारण मध्ये आमचा संगणक आहे.

त्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. पडदा जुन्या चित्रनळीचा. पाठीमागे एवढा पेटारा, की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागलं आहे. त्यावर जी विंडोज एक्सपी नावाची प्रणाली आहे ती २००१ साली बाजारात आली, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टने "यापुढे आमचा हिचा संबंध नाही" असं जगजाहीर केलं. माहेरने संबंध तोडला तरी सासरने नांदवली, अशी ही एकच प्रणाली असावी. सकाळी बटण दाबलं की आतून आवाज येतो तो आमच्या वाडीतल्या जुन्या रहाटाची आठवण करून देतो. फरक इतकाच, की रहाटाने तेवढ्या वेळात पाटाला पाणी लागायचं. इथे मी मस्टरवर सही करतो, पाण्याची बाटली भरतो, चहा पितो, शेजारच्या खात्यातल्या सहकाऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करतो, तेव्हा कुठे पडद्यावर वाळूचं घड्याळ दिसतं. ते दिसलं की समजायचं, आता फक्त अर्धाच वेळ उरला.

शिवाय त्याच्या आतली छोटी बॅटरी केव्हाच संपली आहे. त्यामुळे रात्री बंद करून सकाळी सुरू केला, की तारीख पडते १ जानेवारी २००२. रोज! जगात कुणाला दरवर्षी नवं वर्ष मिळतं, मला दररोज मिळतं, आणि तेही एकच. ती तारीख हाताने दुरुस्त केल्याशिवाय पगाराचा प्रोग्रॅम उघडत नाही, कारण त्याच्या मते निम्मे कामगार अजून जन्मायचे आहेत.

पालघरहून दुरुस्तीला येणारा मुलगा खोलून बघतो आणि दर वेळी तेच सांगतो, "काका, याचा पार्ट आता भेटणार नाय. भेटला तर भंगारात." साहेबांकडे गेलं, की संवाद ठरलेला.

"साहेब, संगणक बदलायला हवा."

"का? बंद पडला?"

"बंद नाही पडला, पण..."

"मग चालतोय ना?"

इथे माझी कोंडी होते. बंद पडल्याशिवाय नवा येणार नाही, आणि मी तो बंद पडू देत नाही. दर शनिवारी सायकलच्या पंपाने त्याच्यातली धूळ उडवतो, पावसाळ्यात खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून पिशवी घालतो. थोडक्यात, माझ्या दुःखाचं आयुष्य मीच वाढवत असतो. नोकरदार माणसाची ही जुनी खोड आहे.

या सगळ्यात एक फायदा मात्र झाला. संगणक सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या वेळात वाचन वाढलं. वाचायचं तर या आजाराचंच वाचावं म्हणून संगणकांचा इतिहास हाती घेतला, आणि लक्षात आलं की मी एकटा नाही. या देशात जुन्या संगणकाशी झुंजण्याची परंपरा संगणकाइतकीच जुनी आहे. किंबहुना थोडी जास्तच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी एक मोठा गणक स्वतः बांधायला घेतला. त्यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. विहीर न पाहता पोहायला शिकण्यातलाच प्रकार, पण ते शिकले. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड, १२,५०० रोधक असा तो प्रपंच १९६० साली उभा राहिला. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. बारशाच्या वेळी बाळाची स्थिती अशी होती, की जग निर्वात नळ्या सोडून ट्रान्झिस्टरकडे गेलं होतं. म्हणजे देशाचा पहिला मोठा संगणक पाळण्यातच म्हातारा! तरीही शास्त्रज्ञांनी त्याच्यावर गणितं केली, नळ्या तापल्या की बदलल्या, खोली थंड ठेवली, आणि १९६४ साली अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला तोवर गाडा ओढला. मला या म्हाताऱ्या बाळाबद्दल फार आपुलकी वाटते. त्याने देशाला वेग दिला नसेल, पण त्याला सांभाळता सांभाळता जी माणसं तयार झाली ती पुढे पुरली.

दुसरा अध्याय थोडा वेगळा आहे. इथे म्हातारं यंत्र आपण बांधलं नाही, पाहुण्याने आणून दिलं. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने १९५९ साली '१४०१' नावाचा संगणक काढला. छिद्रं पाडलेली कार्डं मिनिटाला ८०० खाणारा, मिनिटाला ६०० ओळी छापणारा. त्याची स्मृती जास्तीत जास्त १६,००० अक्षरांची. देवनागरीचा प्रश्न बाजूला ठेवला तर हा लेख त्यात जेमतेम मावला असता, पण मग गणित करायला जागा उरली नसती. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीत हा संगणक आला, आणि पुढे गिरण्या, रेल्वे, विमा, सरकारी खाती अशा ठिकाणी त्याची घराणी वसली.

यात आक्षेपार्ह काही नाही. पण १९६४ मध्ये त्याच कंपनीने '३६०' नावाची नवी मालिका जाहीर केली, आणि जग हळूहळू तिकडे वळलं. मग परदेशात भाड्याने फिरून परत आलेल्या १४०१ चं करायचं काय? तर ते मुंबईच्या कारखान्यात आणायचे, झाडूनपुसून नीट करायचे आणि पुन्हा भाड्याने द्यायचे. १९७१ साली कंपनीने तो विकणंच थांबवलं, तरी आपल्याकडे त्याचं भाडं चालूच. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालतात हे आपण समजू शकतो. पण मोठ्या भावाने धाकट्याकडून त्या सदऱ्याचं महिन्याच्या महिन्याला भाडं घ्यावं, ही कल्पना निदान आमच्या केळव्यात तरी कुणाला सुचली नसती.

संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ च्या सुमारास यावर कडक ताशेरे ओढले. तोवर १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा येऊन बसला होता. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेलं नाव 'फेरा'. एखाद्या कायद्याला इतकं अन्वर्थक मराठी नाव चुकून मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. परदेशी कंपन्यांनी आपली मालकी ४० टक्क्यांवर आणावी असा त्याचा आग्रह. चौऱ्यांशी लक्ष योनींतून फिरणाऱ्या त्या १४०१ ला शेवटी या फेऱ्यानेच गाठलं. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना १९७७ मध्ये कोका-कोला गेला आणि १९७८ मध्ये आयबीएम गेली.

कोका-कोलाच्या जागी सरकारने 'डबल सेव्हन' नावाचं पेय आणलं. लोकांनी ते प्यायलं आणि विसरले. पण संगणक असा विसरता येत नाही. देशभरच्या कचेऱ्यांत ती म्हातारी यंत्रं तशीच उभी होती, आणि त्यांचा वैद्य गाशा गुंडाळून गेला होता. ते काम सरकारच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे 'सीएमसी'ने, अंगावर घेतलं. या कंपनीचं नाव मला फार आवडतं. बाकीचे देश संगणक बनवणाऱ्या कंपन्या काढत होते, आणि आपण 'देखभाल' हा शब्दच नावात घेतला होता. पण गंमत अशी, की ही देखभाल करणारी माणसंच पुढे काही नवं करून गेली. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचं आरक्षण संगणकावर आलं ते सीएमसीच्याच हातून. खिडकीशी रात्रभर अंथरूण पसरून ज्यांनी तिकीट काढलंय, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. दुसऱ्याचं जुनं यंत्र उघडून, पुसून, जोडून ज्याने ते चालवलं, त्याला यंत्राचा स्वभाव कळतो. नवंकोरं खोकं उघडणाऱ्याला फक्त थर्मोकोल कळतो.

तिसरा अध्याय मात्र माझ्यासारख्या कारकुनाला जरा अडचणीत आणणारा आहे. आज मी साहेबांकडे नवा संगणक मागतो, पण माझ्याच जातकुळीच्या लोकांनी एके काळी संगणक दाराबाहेर ठेवण्यासाठी रक्त आटवलं होतं. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाउस या इमारतीबाहेर रात्रंदिवस पहारा ठेवून संगणक चालू होऊ दिला नाही. बँकांत तर १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापनं यांच्यात रीतसर करार झाला, की कुठे किती यंत्रं बसवायची. त्यातूनच 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असं भारदस्त नावाचं यंत्र शाखांत आलं. तो संगणकच होता, पण त्याला संगणक म्हणायचं नाही! नव्या सुनेने नवऱ्याचं नाव न घेता उखाण्यातून सुचवावं, तसलाच प्रकार.

आज हे वाचून हसू येतं. पण ती माणसं खुळी नव्हती. दहा कारकुनांचं काम एक यंत्र करणार, तर उरलेल्या नवांनी कुठे जायचं, हा त्यांचा प्रश्न साधा आणि खरा होता. पुढे झालं ते असं, की नवांची भरती झालीच नाही, आणि दहावा म्हणजे मी. दहा जणांचं काम करणारं यंत्र माझ्यापुढे ठेवलं, आणि ते यंत्र चालत नाही तेव्हा दहाही जणांचं काम मीच करतो. कलकत्त्याच्या त्या पहारेकऱ्यांना हे दिसलं असतं तर त्यांनी कदाचित वेगळी मागणी केली असती: एक, संगणक नको, आणि दोन, आणलाच तर वेळच्या वेळी बदला.

या इतिहासात आमच्या भागाचंही पान आहे, आणि ते सगळ्यांत मोठ्या यंत्राचं आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र आमचं शेजारी. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, १९६४ मध्ये काम सुरू झालं, आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या ऑक्टोबरात रीतसर वीज देऊ लागल्या. प्रत्येकी २१० मेगावॉट. महाराष्ट्र आणि गुजरात दोघांनी ती वाटून घेतली. आमच्याकडे भारनियमनात पंखे थांबले की म्हातारी माणसं केंद्राच्या दिशेला हात करून 'दिव्याखाली अंधार' ही म्हण भूगोलासकट समजावून सांगत.

१९७४ साली पोखरणची चाचणी झाली आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. पुढे १९७८ च्या त्यांच्या कायद्याने इंधनाची वाटच अडली. इथे भट्टी त्यांची, आराखडा त्यांचा, सुटे भाग त्यांचे, आणि ते म्हणतात आमचा संबंध नाही. (हे वाचताना मला आमची विंडोज आठवली.) इंधन पुढे फ्रान्सने दिलं, १९९५ मध्ये चीनने दिलं, मग रशियाने दिलं. जगातले जे देश एका टेबलावर बसून चहा पिणार नाहीत, त्यांनी आळीपाळीने आमच्या चुलीत लाकडं घातली. सुट्या भागांचं काम इथल्याच अभियंत्यांनी अंगावर घेतलं. किरणोत्सर्गी यंत्र उघडून दुरुस्त करणं म्हणजे सायकलच्या पंपाने धूळ उडवणं नव्हे. माणसाने किती मिनिटं आत थांबायचं याचाही हिशेब असतो.

आणि त्यांनी एक गोष्ट केली जी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. वाफेच्या यंत्रणेत दोष दिसू लागले तेव्हा 'चालतंय ना' असं न म्हणता १९८४-८५ च्या सुमारास भट्ट्यांची क्षमताच २१० वरून १६० मेगावॉटवर आणली. म्हाताऱ्या माणसाला दोन्ही हातांत बादल्या देऊ नयेत, एकच द्यावी, हे घरात आईला कळतं, पण कारखान्यात क्वचित कळतं. २००५-०६ मध्ये भट्ट्या थांबवून मोठी सुधारणा केली. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला. तिथल्या भट्ट्या याच जातीच्या असल्याने तारापूरकडे पुन्हा सगळ्यांचे डोळे लागले, तपासण्या झाल्या. २०२० मध्ये दोन्ही भट्ट्या पुन्हा मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. दरम्यान शेजारीच आपण स्वतः बांधलेल्या ५४० मेगावॉटच्या दोन नव्या भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्याच होत्या. म्हणजे जुनं सांभाळायचं, पण नवं बांधणं थांबवायचं नाही. आणि सांभाळायचं म्हणजे मोजमाप ठेवून, वेळ पडली तर थांबवून सांभाळायचं.

आमचे साहेब नेमका यातला अर्धाच धडा शिकले आहेत. मी एकदा जरा जोर करून बोललो, तर म्हणाले, "अहो, इथे शेजारी अणुभट्टी पन्नास वर्षं चालवतात, आणि तुम्हाला एक कॉम्प्युटर वीस वर्षं चालवता येत नाही?"

मी म्हटलं, "साहेब, भट्टीला सांभाळायला शेकडो माणसं ठेवलीत. इथे मीच आहे, आणि मला पगार हिशेब लिहिण्याचा मिळतो."

"मग लिहा ना हिशेब. चालतोय ना?"

जगातही जुन्या यंत्रांचा दुष्काळ नाही. अमेरिकेचं अण्वस्त्र खातं आठ इंची फ्लॉपीवर चालतं हे २०१६ साली बाहेर आलं, आणि २०१९ पर्यंत त्यांनी ती फ्लॉपी वापरली. १९७७ साली उडालेलं व्हॉयेजर-१ यान आंतरतारकीय अवकाशात गेलं आहे. त्याच्या संगणकांची एकूण स्मृती ७० किलोबाइटसुद्धा नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात ते अर्थहीन बरळू लागलं. शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की एक चिप बिघडली आहे. मग त्या चिपमधला मजकूर तुकडे करून दुसऱ्या जागी हलवला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आणलं. तिथे निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. आमच्या संगणकापेक्षा किंचित जास्त.

आणि तारापूरची भट्टी सुरू झाली त्याच १९६९ साली, जुलैत, चंद्रावर उतरताना अपोलो-११ च्या छोट्या संगणकावर कामाचा इतका बोजा पडला की '१२०२' अशी धोक्याची सूचना लागली. त्याला ज्यांनी घडवलं त्यांनी आधीच शिकवून ठेवलं होतं, की जड झालं तर बिनमहत्त्वाची कामं टाकून दे, उतरण्याचं तेवढं सोडू नकोस. तो तसाच वागला आणि माणसं चंद्रावर उतरली.

इथे मी थांबलो, कारण या सगळ्या गोष्टींत एक समान धागा होता आणि तो आमच्या कचेरीत नव्हता. टिफ्रॅक जुना होता कारण देशाकडे स्वतः बांधलेला दुसरा मोठा गणक नव्हता. तारापूरची भट्टी लोकांनी सांभाळली कारण जगाने दार लावलं होतं. व्हॉयेजरला नवा संगणक बसवायला कुणी जाऊ शकत नाही. जिथे बदलणं शक्यच नाही, तिथे सांभाळणं ही विद्या आहे. जिथे बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात काचेत नवा संगणक मांडून ठेवलेला आहे आणि साहेबांची गाडी दर चार वर्षांनी बदलते, तिथे त्याच सांभाळण्याला विद्या म्हणणं म्हणजे कंजूषपणाला उपवास म्हणण्यासारखं आहे.

मी एक हिशेब मांडला. हिशेबनीस दुसरं काय करणार? रोजची वाट बघण्याची पंचवीस मिनिटं. वर्षाचे कामाचे दिवस धरा तीनशे. झाली ७,५०० मिनिटं, म्हणजे १२५ तास. दहा वर्षांचे १,२५० तास. आठ तासांच्या दिवसाने मोजलं तर सहा महिन्यांहून अधिक. म्हणजे दहा वर्षांतला सहा महिन्यांचा पगार मला वाळूच्या घड्याळाकडे बघण्याबद्दल मिळाला. एवढ्या पैशांत किती नवे संगणक आले असते ते मी लिहीत नाही, साहेबांना झीट येईल. पण नव्या संगणकाचं बिल येतं, आणि खुर्चीवर बसून वाट बघणाऱ्या माणसाचं बिल येत नाही. जे बिल येत नाही तो खर्चच नाही, असं जगातल्या सगळ्या हिशेबाच्या वह्या मानतात.

आणि वाट बघणारा मी एकटा असतो तर हा लेख लिहिलाही नसता. पगार सात तारखेच्या आत आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा पंधरा तारखेच्या आत, असा कायदा आहे. आमच्या संगणकावर त्या निधीचं संकेतस्थळ उघडतच नाही, इतका तो जुना. म्हणून मी आकडे पेनड्राइव्हवर घेतो आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा राहतो. तिथे आधी कुणाचं रेशनकार्ड असतं, कुणाचा सातबारा असतो, कुणाचा परीक्षेचा फॉर्म असतो. एखाद्या महिन्यात वीज जाते, एखाद्या महिन्यात पेनड्राइव्ह वाचायला आमचा म्हातारा नकार देतो, आणि पंधरा तारीख उलटते.

मनोरच्या बाजूने येणारी एक पॅकिंगमधली बाई अशाच एका महिन्यात माझ्या खिडकीशी आली. मुलाच्या ऑपरेशनसाठी तिला फंडातून उचल काढायची होती. "भाऊ, माझा फंड जमा झाल्याचा मेसेज नाय आला," म्हणाली. मी तिला काय सांगणार? विंडोज एक्सपी, २०१४, बॅटरी, फेरा कायदा? तिने फक्त एवढंच विचारलं, "तुमचं मशीन बंद हाय काय?" आणि मला म्हणावं लागलं, "नाही ताई, चालू आहे." दुसऱ्या दिवशी मी रांगेत सगळ्यांत पुढे होतो, आणि तिचे पैसे तिला मिळाले, थोड्या दिवसांनी का होईना. पण तेव्हापासून 'चालू आहे' हा शब्द माझ्या तोंडून जरा जड निघतो.

यंदा मी मागणीपत्र नव्या पद्धतीने लिहिलं. त्यात संगणकाबद्दल एक अक्षर तक्रार केली नाही. अपोलोच्या संगणकासारखी कामांची यादी केली: कुठलं टाकता येईल आणि कुठलं टाकता येणार नाही. टाकता न येणाऱ्यांत पहिल्या ओळीवर कामगारांचा पगार आणि फंड. शेजारच्या रकान्यात गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक महिन्याला किती दिवस उशीर झाला ते तारीखवार. खाली उशिराबद्दल कायद्याने भरावं लागणारं व्याज आणि दंड, आकड्यांत. हा रकाना साहेबांनी दोनदा वाचला. पहिल्यांदाच त्यांना आमच्या संगणकाचं बिल आलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "किती दिवसांत येईल नवा?"

"तीन दिवसांत, साहेब."

"ठीक. मागवा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि हा जुना टाकू नका. चालतोय ना? गेटवर वॉचमनला देऊ."

वॉचमनच्या वतीने मी सायकलचा पंप ड्रॉवरमध्ये जपून ठेवला आहे.